दुनळीचा भाव

रविवार कारंजा. हातिमभाईंनी धोतरात गुंडाळलेली दुनळी
सोडवली, बिजागरीत मोडून उजेडाकडे धरली.
"बर्मिंगहॅम. नळ्यांत खड्डे पडलेत.
परवाना नावावर झाला, तर पंधरा हजार."

मग दस्त्यावर अंगठा अडला.
"उजव्या अंगाला झिजलाय. गाल इथं टेकायचा.
आजोबा डावरे?"

नाही.
निफाडच्या उसातला बिबट्या, त्यावर आजोबांचा पाय,
मिशा, उजव्या हातात हीच बंदूक.
फोटो अजून बैठकीत आहे.
घरात डावरी एकच, गोदूआत्या.
पंगतीत तिचा तो हात
पाठीमागं बांधून ठेवत.

तीही आहे फोटोत, कडेला, अर्धी कापलेली:
डाव्या खांद्यावरचा पदर
मुठीत धरून,
खाली काहीतरी ठणकत असल्यासारखी.

"लिहू पंधरा?"
हातिमभाई पेन शोधत होते.