साडेनऊनंतर

पाष्टे म्हणाला, साडेनऊनंतर येतो,
तेव्हा सगळ्या घरी असतात.
गॅलरीतला दिवा तेवढा बंद ठेवा.

आम्ही ठेवला.
कन्नमवार नगर, तिसरा मजला,
जेवणं उरकून काळोखात बसलो चौघं.
ईशानचा कान अजून पुरीसारखा फुगलेला,
त्यावर सासूबाईंनी थापलेला चुना.

वाळत घालायच्या काठीपाशी, ग्रिलच्या कोपऱ्यात
सुपारीएवढं होतं ते गणपतीत.
नवरात्रात वाटीएवढं.
मला दिसत होतं. बोलले नाही कुणाला.

फवारा इस्त्रीच्या वाफेसारखा वाजला,
मग लादीवर टपटप,
भिजलेले वाटाणे सांडावेत तसं.
नऊशे रुपये. पावती नाही.
पोळं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं त्याने,
बघून घ्या वहिनी, रिकामं आहे.

सकाळी उजेडात बघितलं:
राखाडी कागद, आणि मध्येच
एक बारीक हिरवी रेघ.
आमच्या खिडकीचा हिरवा.
कंपनी बंद झाली त्या ऑक्टोबरात
ह्यांनी चौकटीला दोन हात मारले होते,
तिसराही मारला असता, डबा संपला.

चौकटीवर ओरखडे होते, महिनाभर.
ईशानला धपाटा घातला होता मी त्यासाठी.

अकराच्या सुमारास एक आली.
रात्री कुठे राहिली होती कुणास ठाऊक.
तोंडात काहीतरी धरून
कोपऱ्यापाशी घुटमळली,
काठीवर टेकली, उठली, परत तिथेच.

माझ्या हातात पिळलेला टॉवेल.
पाणी कोपरावरून खाली जात होतं.