परत म्हण

पहिला महिनाभर त्याने मला कशालाच हात लावू दिला नाही.
नुसतं ऐक, फार्कर म्हणाला.
मी ऐकलं.
ट्रान्सफॉर्मर हुंकार देत होता सेकंदाला शंभर,
न थकता, जणू कोणी त्याला गोष्ट सांगतंय.
मी सिलिका जेलचे रंग वहीत उतरवले,
नारिंगी म्हणजे कोरडं, हिरवं म्हणजे दमट,
आणि खडीतून उगवलेलं गवत उपटलं.
कुंपणापलीकडे मेंढ्या. त्यांच्यापलीकडे ग्लेन अर्बाखचा डोंगर,
आणि धुक्यात चरचरणाऱ्या तारा,
एक लाख बत्तीस हजार व्होल्ट,
तळलेल्या माशासारखा आवाज.

जवळ म्हणजे किती जवळ?
एक मीटर चाळीस.
आणि हातात काही असेल तर?
तर ते हातच समजायचं.
परत म्हण.
ते हातच समजायचं.

जीभ पोळली की माणूस ताक फुंकून पितो म्हणे.
इथे पोळायची सोय नाही,
म्हणून ताक, पाणी, हवासुद्धा
पहिल्या दिवसापासून फुंकायची.
तार मेली आहे का, हे तपासायचं यंत्र
आधी जिवंत खुणेवर तपासायचं,
मग तारेवर लावायचं,
मग पुन्हा खुणेवर,
कारण मधल्या अर्ध्या मिनिटात
यंत्रच मेलं असेल तर?

फोनवर कंट्रोल रूममधली बाई एकेक शब्द सांगते,
मी एकेक शब्द परत देते,
उसने घेतलेले पैसे मोजून द्यावेत तसा.
तिचा चेहरा मी पाहिलेला नाही.
तिला सर्दी झालेली मात्र मला आधी कळते.

ऑक्टोबरातला तो मंगळवार.
कागदावर होतं: दोनशे तीन, उघडा, कुलूप लावा.
फार्कर पुढे, मी मागे,
त्याच्या पाठीवरचं जॅकेट बघत, बुटांखाली खडी.
तो थांबला तिथे मी थांबले.
किल्ली हातात. हँडल समोर.
नियम म्हणून पाटी मोठ्याने वाचली:
एकशे तीन.
माझ्याच तोंडातून आलं
आणि माझ्याच कानांना पटेना.
कागद पाहिला. पाटी पाहिली.
एकशे तीनवर अख्खं खोरं उजळलेलं होतं,
शाळा, मासे गोठवायचा कारखाना,
आमच्या गल्लीतला दवाखाना.

थांबा, मी म्हणाले.
आवाज इतका बारीक निघाला
की मेंढीनेही मान वळवली नसती.

फार्कर वळला.
हसला नाही, शाबासही म्हणाला नाही.
पाटीकडे बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला,
चल, दोनशे तीन तिकडे आहे.

त्याने मुद्दाम केलं होतं,
की तीस वर्षांच्या सवयीचे पाय त्या सकाळी चुकले होते?
मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.
त्या दिवसानंतर मात्र तो माझ्या मागून चालतो.

दुपारी अर्थिंग लावलं.
आधी जमिनीकडचं टोक, घट्ट, ओढून पाहिलं,
मग लांब काठीने वरचं.
तपासलेली, मेलेली, कुलूपबंद तार.
तरी क्लॅम्प टेकताना चट् झालं,
निळी, शिवणाच्या टाक्याएवढी ठिणगी.
शेजारची लाइन चालू होती ना,
तिने नुसतं बाजूला उभं राहून
हिच्यात थोडं सोडलं होतं.
बघितलंस, फार्कर म्हणाला.
बघितलं, मी म्हणाले.
परत म्हण, असं तो या वेळी म्हणाला नाही.

रात्री बाबा बोटीच्या इंजिनाचं तेल हातावरून पुसत आले.
जेवलीस?
जेवलीस असं विचारलंत, मी म्हणाले.
नाही. अजून नाही.
ते जरा थबकले, चिंधी तशीच हातात.
मग त्यांनी दोन ताटल्या काढल्या,
आणि टेबलावर ठेवताना
हळूच, स्वतःशीच मोजल्या.