टपालाचं दार

सकाळच्या बोटीने मी सरोवर ओलांडते.
पलीकडे स्वित्झर्लंड. जकातीचा शिपाई
डबा उघडायला लावतो, चीज हुंगतो,
बोटांवरची शाई बघत नाही.

अलीकडे जे बांधायला मनाई
ते पलीकडे बांधायला मनाई नाही.
मला एवढंच राजकारण कळतं.
मधे पाणी, आणि पाण्याला तहनामा वाचता येत नाही.

मी ट्रेसर. दुसऱ्याच्या रेषेवरून रेष ओढते.
खाली साहेबांची पेन्सिल, वर खळीचं आरपार कापड,
त्यावर काळी शाई, श्वास रोखून.
पंख इतके लांब की टेबलाला वळसा घालून जावं लागतं.
दोन इंजिनं. काचेचं नाक.
कोपऱ्यातल्या चौकटीत लिहायचं: मालवाहू विमान.
अक्षर बरं आहे म्हणून ते माझ्याकडे.

मार्चमध्ये पोटाचं दार आलं.
दोन झडपा, खाली उघडणाऱ्या.
मी हेर नेगेलेंना विचारलं,
यातून माल चढवणार कसा? सगळा खाली सांडेल.
त्यांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले.
म्हणाले, टपालाचं दार आहे ते.

आत आकडे, थैल्या टांगायला.
प्रत्येक थैली पन्नास किलो.
एकोणपन्नास नाही, एक्कावन्न नाही.
माझे वडील टेटनांगला पोस्टमन होते.
नाताळात डाव्या खांद्यावर वाकून चालायचे,
हॉप्सच्या तोडणीत थैली रिकामी, शीळ घालत यायचे.
साऱ्या मुलखाने ठरवून
सारख्या वजनाची पत्रं लिहिली
असं त्यांच्या हयातीत झालं नाही.

मी लेखणी शाईत बुडवली.
झाकली मूठ शुक्रवारी पगाराच्या पाकिटात मिळते.

चाकं पोटात ओढून घ्यायची, ही नवी हौस.
फिडेल ब्रुगर आत ओणवा बसून रहाट फिरवायचा.
सरोवर संपायचं, चाकं अर्ध्यावर.
एकदा उजवं बाहेर आलं, डावं आलंच नाही.
गवतात नांगरट झाली,
आणि फिडेलची करंगळी दात्यांत राहिली.
मग हुकूम: चाकं खालीच ठेवा, जखडून टाका.
चित्र मात्र कुणी दुरुस्त करायला सांगितलं नाही.
कागदावर ती अजून व्यवस्थित आत जातात.

पंख थरथरायचे. वैमानिक उतरल्यावर
कॉफीची बशी दोन्ही हातांनी धरायचे.
पंखांची टोकं कापली, आणखी कापली.
दर खेपेला मी नवं कापड ताणलं,
कोपऱ्यात तोच शब्द, तेच सुबक अक्षर.

रद्द चित्रं जाळायची, असा नियम.
पण कापड चांगलं होतं.
गरम पाण्यात खळ सुटते, शाई सुटते,
उरतं ते तलम, दुकानात परवडणार नाही असं.
आम्ही मुली पोलक्याखाली गुंडाळून न्यायचो.
ओटमार झाला तेव्हा त्याचं बाप्तिस्म्याचं झबलं
मी त्यातूनच बेतलं.
तीनदा उकळलं. तरी पाठीवर एक निळसर रेष उरली,
झडपेच्या बिजागरीची.
पाद्रीबाबांनी ती बोटाने झटकून पाहिली,
धागा समजून.

आता लपवाछपवी संपली.
अलीकडेच कारखाना, अलीकडेच धावपट्टी, वर बँड.
कोपऱ्यातला शब्द खोडायला सांगितला.
नवा छापील येतो, माझ्या अक्षराची गरज नाही.

ओटमार चार वर्षांचा.
ती घरावरून जातात, तिघं तिघं,
ताटल्या फळीवर किणकिणतात,
आणि तो अनवाणी सफरचंदाच्या झाडाखाली धावतो.
केव्हातरी मीच त्याला सांगितलं होतं
आई काय काढते ते.
झबल्याचा घोळ धरावा तसा
सदरा दोन्ही हातांनी पुढे पसरून
तो वर बघत उभा राहतो.

आई, आपलं पत्र टाकतील ना?

आज वारा नाही, मी म्हणते.
चल आत.