आठ सेकंद

रात्रीचे अडीच. रावपुऱ्याच्या सेंटरवर
सदतिसावा पेशंट.
किटच्या आत मी घामाने निथळते,
गॉगलवर माझीच वाफ.
यंत्र म्हणतं, नळी तापलीय, दहा मिनिटं थांबा.
त्याला तसं म्हणायची सोय आहे.

बाहेर पायऱ्यांवर नातेवाईक विचारतात, मार्क किती?
पंचविसापैकी.
इथे कमी पडले तर लोक हात जोडतात.
मी सांगायचं नसतं.
मी फक्त आडवं करते, हात डोक्यावर घ्यायला लावते
आणि काचेमागे जाते.

मग फॉर्मवर नाव: फणसे मधुसूदन. वय अडुसष्ट.
नाकातली काडी दोनदा नाही म्हणाली होती,
ताप नवव्या दिवशीही हो म्हणत होता.
लालबागच्या तलावात यांनीच मला ढकललं होतं,
मी सात वर्षांची,
शिट्टी दातांत, आकडे बोटांवर:
दहा होईस्तोवर वर यायचं नाही.
मास्कमुळे त्यांनी ओळखलं नाही.
मीही बोलले नाही. मागे अजून अकरा जण होते.

यंत्रातली बाई गुजरातीत म्हणाली, श्वास रोकी राखो.
आठच सेकंद.
चौथ्याला खोकला फुटला.
पुन्हा घेतलं. तिसऱ्याला.
चित्र हललं, तरी दिसायचं ते दिसलं:
दोन्हीकडे, तळाला, कडेकडेने
घासलेली काच,
न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी.
पलीकडे कुणीतरी आहे, एवढंच कळतं.

भावसार डॉक्टरांनी घरून फोनवर पाहिलं.
अठरा, म्हणाले, घरी पाठवू नका.
उजाडता उजाडता गोत्रीला बेड मिळाला.
तिथे त्यांना तासन् तास पालथं झोपवत,
तोंड एका कुशीला, हात पुढे.
सिस्टर सांगत होती, काका कुरकुरत नाहीत बिलकूल,
नुसते पाय मारत असतात.

ऑगस्टात परत आले. शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा असा.
काच बरीच पुसली गेलेली,
खाली चार-दोन रेघा राहिल्या,
तलाव उपसल्यावर भिंतीला राहतात तशा.
श्वास रोकी राखो.
आठ झाले. चित्रं आली, एकही हललं नाही.
श्वास छोडो, बाई म्हणाली.
नऊ.
छाती तशीच भरलेली, डोळे मिटलेले,
दहा,
अकरा,
मी माइकचं बटण दाबलं:
सर, वर या.