जिथवर ऐकू येईल

दसऱ्याला सिनावमध्ये सुट्टी नसते.
रस्त्याची मोजणी वाळूच्या कडेला आलेली,
चौदाव्या खुंटीपाशी एक झाड,
पानं बघताच ओळखलं:
सौंदड. आपली शमी.
इथे हिला गाफ म्हणतात.

संध्याकाळी खोलीवर चौघांना सोनं द्यावं
म्हणून डहाळीला हात घातला,
तर मुसब्बहने मनगट धरलं.
सत्तरीचा उंटांचा दलाल, पकड सांडशीची.
'ओली नाही,' म्हणाला. 'पडलेली ने.'

मग काठीने दूरचा कडा दाखवला.
तिथे म्हणे एक राजा चढला होता,
नाव कुणालाच आठवत नाही.
त्याने कुत्र्याला भुंकायला लावलं
आणि चार दिशांना चार स्वार धाडले:
भुंकणं जिथे विरेल, तिथे दगड रचा.
आत कुऱ्हाड नाही, ससाणा नाही,
परक्याचा उंट नाही.

मी म्हटलं, मोठ्या मनाचा राजा.
मुसब्बह हसला, खोकला येईपर्यंत.
'कसलं मन! स्वतःच्या उंटांना चारा हवा होता त्याला.
हरणं आपली शिरली आत.
हरणाला काय ठाऊक, कुणासाठी राखलंय.'

पुढे दुष्काळात कुणीतरी नियम फिरवला.
दगड तेच ठेवले;
ज्यांची गुरं मरत होती ती आत,
राजाचे उंट बाहेर.
कुणी म्हणतं नातवाने, कुणी म्हणतं सुनेने.
मुसब्बहची आई म्हणायची, सूनच.

मी यंत्राला डोळा लावला.
दगडांची ओळ अजून आहे, गुडघाभर,
आणि माझी लाल रेघ तिच्यावरून सरळ जाते.
गावी या वेळी माणसं वेशीबाहेर जाऊन
सीमोल्लंघन करून परततात.
मी समुद्र ओलांडताना अडखळलो नव्हतो.

नकाशा माझा नाही. सही वरच्याची.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
'खुंटी चौदा. जुनी हद्द. झाडं एकवीस. वळण शक्य.'
'शक्य'च्या जागी दुसरा शब्द
बराच वेळ शोधला.

खोलीवर वाळकं सोनं वाटलं.
कुणी तक्रार केली नाही.

रात्री कॅम्पमागचं कुत्रं भुंकायला लागलं.
खडी फोडणारं यंत्र चालूच होतं.
मी चपला घातल्या,
कुत्र्याकडे पाठ करून पावलं मोजत निघालो.

एकशे दहाव्या पावलावर
नुसतं यंत्र.