मधला वेळ

जेवण झालं की ताउनो मामा
रिकामी रायफल मांडीवर घ्यायचा.
बोल्ट वर. मागे. पुढे. खाली.
फळीवरचे कप किणकिणायचे,
मामी काही बोलायची नाही,
आणि माळ्यावर मी त्याच आवाजावर झोपी जायचे.

यल्मारीने सेमी-ऑटोमॅटिक आणली
त्या दिवशी शिकारमंडळाच्या खोपटात
कॉफी निवून गेली तरी वाद निवेना.
यल्मारी म्हणाला, धक्का कमी बसतो,
दुर्बिणीवरून डोळा हलत नाही,
दुसरी गोळी तयारच असते.
ओस्मो म्हणाला, म्हणूनच तर
पहिली उधळली जाते.
आणि उणे वीसमध्ये तेल घट्ट झालं की?
पुंगळी अर्ध्यात अडकली की?
माझी माझ्या तळहातावर पडते,
तुझ्या बर्फात उडतात, शोधत बस मेपर्यंत.
बोल्ट ओढायला जेवढा वेळ लागतो ना,
तेवढ्यात माणूस विचार करतो.

मामा साखरेचा खडा दातांत धरून
कॉफी ओढत होता.
खडा विरघळल्यावर म्हणाला:
त्र्याहत्तर साली, दलदलीच्या कडेला, मूसची मादी.
पहिली गोळी मागे लागली. पोटात.
घाईत बोल्ट अर्धाच ओढला.
चाप दाबला.
टिक्.
दोन दिवस कुत्रीमागे फिरलो.
तिसऱ्या सकाळी डोमकावळ्यांनी जागा दाखवली.
त्या मधल्या वेळात, ओस्मो,
मी काही विचार केला नव्हता.
ती चालत होती, एवढंच बघत होतो.

चुलीत कोणीतरी बर्चचा ओंडका सारला.
कपांची किणकिण मला आठवली,
पण मी काही विचारलं नाही.

यंदा ऑक्टोबरात मामाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं.
यल्मारीने न बोलता आपली रायफल पुढे केली,
मामाने न बोलता घेतली.
तोडलेल्या रानाच्या टोकाला, नव्वद पावलांवर,
नर उभा राहिला, बाजू देऊन.
एकच बार.
तीन पावलं टाकून तो
गुडघ्यांवर आला, मग कुशीवर.
बाराचा आवाज टेकडीवरून परत यायच्या आत
दुसरं काडतूस आपोआप जागेवर बसलं होतं.

आणि मामाचा उजवा हात,
डॉक्टरांनी जपायला सांगितलेला,
मुठीवरून सुटला, हवेत गेला:
वर. मागे,
अगदी शेवटपर्यंत मागे,
पुढे. खाली.

कुत्री त्याच्याकडे बघत राहिली.
यल्मारी वाकला
आणि बर्फात पुंगळी शोधू लागला.