गाठीपुढे दोन हात

पहाटे साडेचार.
डेल्फीनच्या दुकानात बर्फाचं यंत्र कण्हतंय,
टाकीतले छोटे मासे एकाच कोपऱ्यात गर्दी करून.
वेंडेल सीब्रन गल्ल्यासमोर उभा,
एका हातात रीळ, दुसऱ्यात टोपी.
मी त्याच्या मागे, गांडुळांचा डबा घेऊन.
मला घाई नाही.

या तलावात दोरी निवडायची
म्हणजे आधी तळ आठवायचा.
सबाइन नदी अडवली तेव्हा झाडं तशीच ठेवली उभी,
पाणी चढत गेलं,
ओक बुडाले, सायप्रस बुडाले, कुणाकुणाची कुंपणं.
बास राहतो तिथे, फांद्यांच्या बगलेत,
आणि गळ लागला की पळतो
घराकडेच.

साधा तंगूस ताणतो, सांभाळून घेतो,
तरंगतो; वरच्यावर फुदकणाऱ्या आमिषाला तोच बरा.
पण रिळावर पडून राहिला की वळणं धरून बसतो,
उन्हानं कुजतो, आणि सांगत नाही.
विणलेली दोरी मुळीच ताणत नाही.
चाळीस हातांवर माशानं नुसतं हुंगलं
तरी कोपराला कळतं.
पाणवेलीत घाला, वेल कापून येईल.
बुडक्या लाकडात घाला,
करवतीसारखी रुतेल, मग बसा ओढत.
शिवाय ती दिसते.
म्हणून तिच्या पुढे दोन हात फ्लोरोकार्बन,
घासलं तरी टिकणारं, बुडणारं,
पाण्यात असून नसलेलं.

आणि दोघं जिथे भेटतात तिथे गाठ.
सगळी मेख तिथे.

वेंडेलनं एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
करवतींना धार लावली.
बोटं अजून शहाणी आहेत. डोळे नाहीत.
"माशाला दिसू नये म्हणून घेतो," तो म्हणाला,
"आता मलाच दिसत नाही.
बांधून देतेस?"

डेल्फीननं पिवळी दोरी ओढली,
गल्ल्याच्या काचेवर आडवी घातली,
एक वेढा वरून, एक खालून,
ओठांत मोजत, वीस.
आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली केली.
कोरडी आवळली तर स्वतःच्याच घर्षणानं भाजते,
हे तिला ऑर्विलनं शिकवलेलं, तिच्या बापानं,
ज्यानं वेंडेलबरोबर एकाच होडीतून
बावीस वर्षं गरवलं,
आणि एका मार्चनंतर नाही.

तो मार्च इथे सगळ्यांना पाठ आहे.
नऊ पौंडांची मादी, होडीच्या अगदी कडेशी.
काठी ऑर्विलची.
गाठ वेंडेलची, अंधारात, घाईत मारलेली.
जाळी घेऊन तोच वाकलेला,
आणि दोरी एकदम हलकी झाली.
लाकडानं कापली, वेंडेल म्हणाला.

लाकडानं कापलेलं टोक खरबरीत असतं,
उंदरानं कुरतडल्यासारखं.
निसटलेल्या गाठीचं टोक
डुकराच्या शेपटीसारखं वळतं.
ऑर्विलनं टोक बोटांत धरलं, पाहिलं,
आणि इंजिन सुरू केलं.
गेल्या हिवाळ्यात तो वारला.
वेंडेल दफनाला आला होता,
मागे, गाड्यांपाशी उभा होता.

डेल्फीननं दोन्ही बाजू मुठींना गुंडाळून ओढल्या.
दंडाच्या शिरा उठल्या. गाठ राहिली.
"ती लाकडानं नव्हती कापली," वेंडेल म्हणाला.
कुणाला, ते नक्की नाही.
मी डब्यातली माती बघू लागलो.

"सतरा डॉलर ऐंशी," डेल्फीन म्हणाली.
मग उरलेलं टोक छाटताना,
वर न बघता,
"माहीत आहे. बाबांनी ते टोक दाखवलं होतं मला.
गाठ ओली नाही केलीस, म्हणाले."
आणि सुट्टे मोजून त्याच्या तळव्यावर ठेवले,
एकेक नाणं, म्हणजे चुकू नये.

बाहेर अजून उजाडलं नव्हतं.
धक्क्याकडे जाताना तो दोरीवरून अंगठा फिरवत होता,
सावकाश, काठीच्या शेंड्याकडून खाली.
एका जागी अंगठा थांबला.
गाठ.
तिथून पुढे दोन हात काही नाही,
आणि मग गळ.